आयबीएमवरचं संशोधन घरच्यांनी कसं वाचावं

बायोप्सीचा रिपोर्ट काढून समोर ठेवा. मोबाईल नंतर. इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस, म्हणजे आयबीएम, या स्नायू हळूहळू अशक्त करणाऱ्या आजारावर जगात काय चाललंय ते शोधायला बसणाऱ्या प्रत्येक घराला मी पहिलं हेच सांगते. आपल्या माणसाच्या स्नायूत नेमकं काय दिसलं हे माहीत नसेल, तर कितीही शोधनिबंध वाचा, त्यातलं आपलं कुठलं ते कळत नाही. रिपोर्ट नीट वाचता आला, तर दहा ओळींचा सारांशही बरंच काही सांगून जातो.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. माझे मोठे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते. मागावर तुटलेल्या धाग्याला ते न बघता गाठ मारत. साठीच्या अलीकडे ती गाठ बसेना, मग जिना चढताना गुडघा अचानक दगा देऊ लागला. आधी मणक्याचे उपचार झाले, मग पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूदाहाचा दुसरा एक आजार, म्हणून बराच काळ स्टेरॉइड चाललं, आणि त्यानंतर आयबीएम हे नाव कळलं. तेव्हापासून पुण्याचा पुतण्या दर थोड्या दिवसांनी एक लिंक पाठवतो, "काकू, हे बघा, औषध सापडलं म्हणतायत." त्या लिंका वाचता वाचता जी पद्धत बसली, ती इथे लिहिते.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: स्नायूचा तुकडा गोठवून पाहिला होता की फॉर्मलिनमध्ये घालून? फार थोडे लोक हे विचारतात, आणि फरक सगळ्यात जास्त यानेच पडतो. शरीरातली एखादी गाठ काढून बाटलीत टाकून पाठवतात, तसं स्नायूचं चालत नाही. ताजा तुकडा सलाईनने जेमतेम ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, थंड ठेवून, लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. तिथे द्रवरूप नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये तो झटक्यात गोठवतात. सावकाश गोठला तर आत बर्फाचे स्फटिक होतात आणि त्यांनी पाडलेली भोकं वाचणाऱ्याला चकवतात. फॉर्मलिनच्या नमुन्यात तर आयबीएमची ओळख पटवणाऱ्या पोकळ्या सहज नजरेतून सुटतात.

म्हणून बायोप्सी अजून व्हायची असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "तुकडा कुठे गोठवणार, आणि तिथवर कसा नेणार?" उत्तर समाधानकारक नसेल, तर तुकड्याने प्रवास करण्यापेक्षा माणसाने केलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये स्नायूंच्या बायोप्सीचं काम नेहमीचं आहे आणि सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस थेट जाते. पुणे, मुंबई, हैदराबादलाही चौकशी करता येते. आणखी दोन प्रश्न विचारा. कोणता स्नायू घेणार? अगदी वाळून गेलेल्या स्नायूत चरबीशिवाय फारसं काही सापडत नाही, म्हणून मध्यम अशक्त झालेला निवडतात. आणि ईएमजीची, म्हणजे स्नायूतली विद्युत हालचाल मोजणाऱ्या तपासणीची, सुई नुकतीच ज्या स्नायूत टोचली होती, तोच तर नाही ना? सुईनेही तिथे दाह दिसू शकतो.

आता रिपोर्टमधले शब्द. एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा "दाह", म्हणजे संरक्षक पेशींचा स्नायूवरचा हल्ला; उजवीकडे "साठा", म्हणजे तंतूत साचलेली बिघडलेली प्रथिनं. रिपोर्टमधला जवळपास प्रत्येक महत्त्वाचा शब्द या दोन्हींपैकी एका बाजूला जातो, आणि पुढे संशोधनाची प्रत्येक बातमीही तुम्ही याच कागदावर ठेवून बघणार आहात.

डाव्या बाजूचे शब्द असे. एंडोमायसियल इन्फ्लमेशन, म्हणजे स्नायूतंतूंच्या मधल्या जागेत शिरलेल्या संरक्षक पेशी. सीडी८ टी पेशी, यातल्याच मारेकरी पेशी, ज्या वरवर धडधाकट दिसणाऱ्या तंतूंनाही वेढतात आणि त्यांच्या आत घुसतात. एमएचसी वर्ग १, निरोगी स्नायूतंतूंच्या पृष्ठभागावर जवळजवळ न दिसणारं आणि इथे भरभरून दिसणारं प्रथिन, ज्याच्या आधारे टी पेशी आपलं लक्ष्य ओळखतात.

उजव्या बाजूला पहिला शब्द रिम्ड व्हॅक्युओल. तंतूच्या आत पोकळी आणि तिच्या कडेला दाण्यांची झालर. सुधारित गोमोरी ट्रायक्रोम या रंगात ते दाणे लाल दिसतात. हा रंग गोठवलेल्या स्नायूसाठी डब्ल्यू. किंग एंगेल आणि कनिंगहॅम यांनी १९६३ साली बसवला, आणि आजही स्नायूंच्या प्रयोगशाळेचं पान त्याच्यावाचून हलत नाही. मग काँगो रेड, जो अमायलॉइड पद्धतीने घडी बसलेल्या प्रथिनांना धरतो. मग टीडीपी-४३ आणि पी६२ ही प्रथिनं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरला असेल, तर १५ ते १८ नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचा उल्लेख सापडेल.

पी६२ वर जरा थांबते, कारण रिपोर्टमध्ये तो बऱ्याचदा येतो आणि कुणी समजावून सांगत नाही. पेशीत बिघडलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटते. पी६२ ती खूण पकडतं आणि तो माल पेशीच्या स्वच्छतायंत्रणेत नेऊन घालतं, आणि कचऱ्याबरोबर स्वतःही नष्ट होतं. या यंत्रणेला ऑटोफॅजी म्हणतात. ती नेमकी कशी चालते हे शोधल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या पिशव्या साचलेल्या दिसल्या की घंटागाडी फिरकलेली नाही हे आपण ओळखतो, तसं तंतूत पी६२ चे ठिपके साचलेले दिसले की स्वच्छता कुठेतरी अडली आहे असं पॅथॉलॉजिस्ट ओळखतात.

सीओएक्स-निगेटिव्ह फायबर असंही लिहिलेलं असू शकतं. हे मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या, बिघाडाचं लक्षण. ते कुठल्याच बाजूला नीट बसत नाही, रेघेवर लिहून ठेवा.

रिम्ड व्हॅक्युओल दिसले नाहीत म्हणजे आयबीएम नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नका. तुकडा लहान असतो, आजार स्नायूत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. २०११ साली युरोपातल्या तज्ज्ञांच्या बैठकीत जे निकष ठरले, त्यांत रोग्याच्या अशक्तपणाच्या ठेवणीला मोठं वजन दिलं आहे: सुरुवात ४५ वर्षांनंतर, त्रास वर्षाहून जुना, सीके (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) सामान्य पातळीच्या १५ पटींच्या आत, आणि गुडघा सरळ करण्याची ताकद मांडी उचलण्याच्या ताकदीइतकी किंवा तिच्याहून कमी, अथवा बोटं मिटण्याची ताकद खांद्यातून हात बाजूला उचलण्याच्या ताकदीहून कमी. भावजींचं अगदी असंच होतं. माळ्यावरचा डबा हात वर करून काढायचे, पण ओला टॉवेल पिळता येत नव्हता. पंगतीत जमिनीवर बसले की उठवायला दोन माणसं लागायची. त्यांचा उजवा हात कामाचा, आणि जास्त खचला तो डावा. हे सगळं घरच्यांनाच दिसतं. ते तारखेसह लिहून डॉक्टरांपुढे ठेवणं हे तुमचं काम.

शेवटचं, बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि नमुन्याचे ठोकळे मागून घ्या. दुसरं मत घेताना नुसता कागद पुरत नाही. पॉलिमायोसायटिस म्हणून स्टेरॉइडला दाद न देणारे कितीतरी रुग्ण पुढे आयबीएमचे निघाल्याचं वैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदलं गेलं आहे. मात्र स्टेरॉइड चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका. त्याने जिवावर बेतू शकतं.

पुंजका दिसला, पुढे काय?

संशोधन वाचताना सर्वांत मोठा प्रश्न मनात पक्का ठेवावा लागतो: पेशीत साठलेला प्रथिनांचा पुंजका, म्हणजे आजाराच्या नावातली "इन्क्लुजन बॉडी", हा रोगाचं कारण आहे, परिणाम आहे, की पेशीने स्वतःला वाचवायला केलेली सोय?

मी वर्गात रेबीजच्या नेग्री बॉडी शिकवत असे. आदेल्की नेग्री यांनी १९०३ मध्ये त्या चेतापेशींत पाहिल्या आणि तो एकपेशीय परजीवी आहे असं मानलं. निघाले ते विषाणूच्या प्रथिनांचे पुंजके. विषाणू तिथेच आपली संख्या वाढवतो. आयबीएममध्ये याच्या उलटं घडलं. १९६७ साली चाऊ नावाच्या संशोधकाने जुन्या स्नायूदाहाच्या रुग्णात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तंतू पाहिले आणि ते मिक्सोव्हायरससारखे दिसतात असं नोंदवलं. पुढे गालगुंडाच्या विषाणूवर संशय गेला, तो टिकला नाही. युनिस आणि समाहा यांनी १९७१ मध्ये आजाराला आजचं नाव दिलं. १९९१ मध्ये मेंडेल यांच्या गटाने त्या तंतूंना अमायलॉइडचा रंग चढतो हे दाखवलं. पाठोपाठ वलेरी अस्कानस आणि तेच किंग एंगेल यांनी अल्झायमरमध्ये सापडणारं बीटा-अमायलॉइड या स्नायूंत असल्याचं मांडलं. मग २००६ मध्ये एएलएस या चेतारोगात आणि एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशात टीडीपी-४३ साठतं हे कळलं, आणि २००८ च्या सुमारास तेच प्रथिन आयबीएमच्या तंतूंत, केंद्रकाबाहेर, सापडलं.

लेवी बॉडीचंही असंच. पार्किन्सनमधले हे पुंजके १९१२ मध्ये वर्णिले गेले; त्यांत अल्फा-सिन्युक्लिन असतं हे १९९७ मध्ये समजलं. हंटिंग्टन रोगाच्या अभ्यासात तर २००४ मध्ये असं दिसलं, की ज्या चेतापेशींनी बिघडलेलं प्रथिन पुंजक्यात बांधून ठेवलं त्या जास्त काळ जगल्या. म्हणजे मोकळं फिरणारं बिघडलेलं प्रथिन अधिक घातक आणि पुंजका हा बंदोबस्त, अशीही शक्यता असते. हे एकदा लक्षात घेतलं, की "अमुक औषधाने पुंजके कमी झाले" एवढ्या वाक्याने माणूस हुरळून जात नाही. पुढचं वाक्य शोधतो: ताकद वाढली का?

आयबीएममध्ये हा वाद अजून रंगात आहे. डाव्या बाजूची मंडळी म्हणतात, टी पेशी आधी, साठा नंतर. त्यांच्या बाजूचा एक महत्त्वाचा धागा २०१९ चा: बॉस्टनच्या स्टीव्हन ग्रीनबर्ग यांच्या गटाला स्नायूत घुसलेल्या टी पेशींवर केएलआरजी१ ही खूण सापडली. अशा पेशी लढून मुरलेल्या, नेहमीच्या औषधांना सहज न बधणाऱ्या असतात. स्टेरॉइड का चालत नाही याचं हे एक पटण्यासारखं उत्तर आहे. याच बाजूला रक्तातलं अँटी-सीएन१ए प्रतिपिंड येतं, जे दोन वेगळ्या गटांनी शोधलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर निदानाला बळ मिळतं, निगेटिव्ह आली म्हणून आयबीएम नाकारता येत नाही, आणि ल्युपस व शोग्रेन या आजारांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

उजव्या बाजूचा मला सगळ्यात अस्वस्थ करणारा अभ्यास २०२२ चा, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचा. आयबीएमसाठी चांगला उंदीर नाही, ही या क्षेत्राची जुनी अडचण आहे. त्यांनी रुग्णांच्या बायोप्सीचे तुकडे प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत रुजवले. माणसाचा स्नायू तिथे नव्याने वाढला आणि त्यात आजारही उतरला. मग त्यांनी औषधाने टी पेशी काढून टाकल्या. दाह ओसरला. पण रिम्ड व्हॅक्युओल राहिले, टीडीपी-४३ चा बिघाडही राहिला. टीडीपी-४३ निरोगी पेशीच्या केंद्रकात बसून जनुकीय संदेशात नको ते तुकडे घुसू देत नाही. ते तिथून हललं की असे चोरटे तुकडे संदेशात शिरतात आणि त्या संदेशावरून नीट प्रथिन बनत नाही. एकदा हे सुरू झालं की केवळ दाह थांबवून ते उलटत नाही, असं हा प्रयोग सुचवतो. मी मुद्दाम "सुचवतो" म्हणते; उंदरात रुजवलेला तुकडा म्हणजे अख्खा माणूस नव्हे.

शोध कसा घ्यायचा

"आयबीएम" एवढंच टाकलंत तर कॉम्प्युटर कंपनीच्या बातम्या येतील. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन इंग्रजीत तिन्ही शब्द पूर्ण लिहा, अवतरणचिन्हांत. ताजं हवं असेल तर तारखेनुसार लावा. फक्त औषधांच्या चाचण्या हव्या असतील तर डावीकडच्या यादीतून रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल निवडा. अख्खा लेख फुकट मिळतो की नाही ते "फ्री फुल टेक्स्ट" या खुणेवर कळतं. बायोअर्काइव्ह, मेडअर्काइव्ह या ठिकाणचे लेख इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीचे असतात. ते वाचा, पण पेन्सिलीने लिहून घ्या, शाईने नको.

लेख उघडल्यावर मी या क्रमाने जाते. प्रयोग कशावर झाला: बशीतल्या पेशी, उंदीर, की माणसं? माणसं असतील तर किती, आणि किती काळ? तुलनेला खोटी गोळी दिलेला गट होता का? काय मोजलं? आणि ते आपल्या कागदाच्या कुठल्या बाजूचं? काळाचा प्रश्न या आजारात फार मोलाचा आहे. आयबीएम सावकाश सरकतो, त्यामुळे तीन महिन्यांत "आजार स्थिर राहिला" हे कुणीही म्हणू शकतं, औषधाशिवायसुद्धा.

तीन चाचण्या नमुन्यादाखल घ्या.

बिमाग्रुमॅब. हे औषध दाहावरही नाही आणि साठ्यावरही नाही. स्नायूची वाढ रोखणारा लगाम सैल करणारं प्रतिपिंड. आधी अगदी छोट्या गटात मांडीचा स्नायू वाढलेला दिसला आणि फार आशा निर्माण झाली. मग २५१ लोकांवर मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. शरीरातलं स्नायूंचं वजन वाढलं, पण सहा मिनिटांत चालून होणारं अंतर खोट्या औषधाच्या तुलनेत वाढलं नाही. मुख्य कसोटी चालण्याची होती, म्हणून चाचणी अयशस्वी. बातमीत "स्नायू वाढले" एवढंच आलं असतं तर तेही खरंच होतं. म्हणून मुख्य कसोटी कोणती ठरवली होती, हे आधी वाचायचं.

अरिमोक्लोमॉल. उजव्या बाजूचं. प्रथिनांची घडी नीट बसवणाऱ्या मदतनीस प्रथिनांचा पुरवठा वाढवणारं. बशीतल्या पेशींत आणि उंदरांत सुंदर निकाल, २४ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात सुरक्षित. मग १५२ लोक, २० महिने. निकाल २०२३ मध्ये: फायदा नाही. पुतण्याने ही बातमी पाठवली तेव्हा अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, देवघरात जाऊन बसल्या. मला त्यांना एवढंच सांगता आलं की एक औषध हरलं, उजवी बाजू सगळी हरलेली नाही.

सिरोलिमस. अवयवरोपणानंतर वापरात असलेलं जुनं औषध. ते टी पेशींना आवरतं आणि ऑटोफॅजीलाही चालना देतं, म्हणून कागदाच्या दोन्ही बाजूंना बसतं. ४४ जणांच्या चाचणीत मांडीच्या ताकदीची मुख्य कसोटी पार पडली नाही, पण चालण्याचं अंतर आणि काही इतर मोजमापं औषधाच्या बाजूने झुकली. म्हणून पुढची मोठी चाचणी हाती घेतली गेली. दुय्यम मोजमापावरून औषध सुरू करायचं नसतं, तपासून बघायचं असतं. सिरोलिमस औषधाच्या दुकानात मिळतं म्हणून कुणी स्वतःहून घ्यायला जाऊ नका; प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे.

सराव म्हणून केएलआरजी१ वर नेम धरणाऱ्या उल्विप्रुबार्टची माहिती स्वतः काढा. क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह या चाचण्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदवहीत नाव टाका, मुख्य कसोटी कोणती आहे ते बघा, आणि वरच्या क्रमाने लिहा.

त्या कसोट्यांत एक नाव सारखं दिसेल, आयबीएमएफआरएस. दहा कामं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. गिळणं, लिहिणं, जेवण कापणं आणि चमचे-भांडी धरणं, बारीक कामं, कपडे घालणं, अंघोळ-स्वच्छता, अंथरुणात कूस बदलणं, बसल्याचं उठणं, चालणं, जिना चढणं. ही यादी काट्या-चमच्याने जेवणाऱ्यांनी केलेली आहे. आपल्याकडे मी विचारते: भाकरीचा तुकडा एका हाताने मोडता येतो का? घास बोटांत धरून तोंडापर्यंत जातो का? हे उत्तर डॉक्टरांना सांगा, ते योग्य खान्यात बसवतील. गिळण्याचा प्रश्न तर आपल्या सोलापुरी ताटात लगेच उघडा पडतो. कडक भाकरी आणि कोरडी शेंगा चटणी घशात अडकते. भावजींना आता मऊ भाकरी दुधात कुस्करून आणि चटणी दह्यात कालवून देतो. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर चटणी बदलून थांबू नका, गिळण्याची तपासणी करून घ्या. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि तो या आजारातला खरा धोका आहे. दर काही महिन्यांनी हे गुण मांडून ठेवलेत तर पुढे एखाद्या चाचणीत विचारलं जाईल तेव्हा तुमच्याकडे उत्तर असेल.

नाव सारखं, आजार वेगळा

शोध घेताना "हेरेडिटरी इन्क्लुजन बॉडी मायोपॅथी" असे लेख हमखास मिसळतात. त्यातला मुख्य आजार म्हणजे जीएनई मायोपॅथी. तो विशी-तिशीत सुरू होतो, आधी पाऊल लोंबतं, चप्पल पायातून निसटते, आणि मांडीचा पुढचा स्नायू बराच काळ शाबूत राहतो. आयबीएमच्या नेमकं उलट. सियालिक ॲसिड बनवणाऱ्या जीएनई जनुकातले दोष त्याला कारण आहेत हे २००१ मध्ये कळलं. भारतात तो अनेक कुटुंबांत सापडलेला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली रिम्ड व्हॅक्युओल यातही दिसतात, म्हणून एकट्या बायोप्सीवर विसंबू नका. रक्तावरून जनुकीय तपासणी होते.

आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत पुष्कळ घरांत आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते. जीएनईचा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. नात्यातल्या लग्नात दोघे एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. घरात तरुण वयात असं कुणी असेल तर सोयरीक ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्या, आणि दोष मुलीच्या माथी मारू नका. भावजींच्या आयबीएमला ही भीती लागू नाही. तो असा आईवडिलांकडून मुलांत उतरत नाही. अक्कांना हे कळलं तेव्हा मुलांच्या काळजीचं निम्मं ओझं उतरलं.

तिसरा प्रकार व्हीसीपी जनुकाचा. स्नायूंचा आजार, हाडांचा पॅजेट रोग आणि वागणं बदलणारा स्मृतिभ्रंश एकाच घराण्यात फिरताना दिसले तर डॉक्टरांना हे नाव सुचवा. त्याचा जनुक २००४ मध्ये सापडला.

चाचणीत जायचं ठरलं तर

भारतातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंद सक्तीची आहे. कुणी फोन करून "परदेशी औषधाची चाचणी आहे" म्हणालं, तर पहिला प्रश्न: सीटीआरआय क्रमांक काय? दुसरा प्रश्न: पैसे लागतात का? चाचणीतल्या औषधासाठी पैसे मागितले की तिथेच बोलणं थांबवा. स्टेम सेलच्या नावाखाली स्नायूरोग बरे करतो म्हणणारे लोक आपल्यापर्यंतही पोचतात. आमच्याकडे एकाने मोठी रक्कम सांगितली होती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता असलेले रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर चाचणीबाहेर करता येत नाही. अशा माणसाला तो कागद दाखवा.

खरी चाचणी असेल तर संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी आणून सगळ्यांनी वाचा. खोटी गोळी मिळण्याची शक्यता किती, स्नायूचा तुकडा पुन्हा घेणार का, चाचणी संपल्यावर औषध चालू राहणार का, हे विचारा. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. तो परिच्छेद संमतीपत्रात शोधा. मधेच बाहेर पडायचा हक्क रुग्णाला कायम असतो. उरलेला बायोप्सीचा नमुना पुढच्या संशोधनासाठी जपून ठेवायला तुमची तयारी असेल तर तसं लेखी द्या. २०२२ चा तो प्रयोग अशाच दिलेल्या तुकड्यांवर उभा राहिला.

सही करण्याआधी सोलापूरहून जाण्यायेण्याचा, राहण्याचा आणि सोबतच्या माणसाचा खर्च कोण देणार हे त्याच कागदावर लिहून घ्या. जिना चढता न येणाऱ्या माणसाला एकट्याने रात्रीची गाडी पकडता येत नाही, हे चाचणीच्या समन्वयकाला तुम्हीच सांगायला हवं.